अहिल्याबाई होळकर यांचा राज्यकारभार : एक पाठ

तोरणमाळच्या पठारावरून उत्तरेस डोंगर उतरत गेले असता नर्मदा लागते. तिच्या प्रवाहाच्या उलट, पूर्वेकडे चालत गेले म्हणजे नदीच्या उत्तर तीरावर महेश्वर हे नगर येते. इ. स. १७६७ पासून १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे, एका विधवा स्त्रीने तेथे बसून होळकरांच्या मोठ्या मुलखाचा कारभार केला. २०२५ साली तिच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. तिचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. परंतु तिने राज्य राखले ते कोणत्या उपायांनी, ह्याचा विचार थोडेच करतात. तो ह्या पाठात करू.

इंग्लंडच्या इतिहासात अशीच एक स्त्री होऊन गेली. ट्यूडर घराण्यातील राणी एलिझाबेथ पंचविसाव्या वर्षी, १५५८ साली गादीवर आली आणि १६०३ पर्यंत तिने राज्य केले. तिने विवाह केला नाही, म्हणून सत्ता पतीच्या हाती गेली नाही. विल्यम सेसिल ह्या एकाच विश्वासू मंत्र्याला तिने १५९८ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत, चाळीस वर्षे, जवळ ठेवले. आणि खर्चात हात आखडता ठेवला. ह्या तिन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या, म्हणजे पुढील तुलना सोपी जाईल.

१. सत्ता हाती कशी आली. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी येथे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी झाला. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव हे त्यांचे पती. ते १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. बाई सती जावयास निघाल्या असता सासऱ्यांनी त्यांस आवरले आणि पुढे दौलतीच्या कामात घातले. मल्हारराव १७६६ साली वारले; बाईंचे पुत्र मालेराव एक वर्षाच्या आतच गेले. तेव्हा कारभारी गंगाधर यशवंत यांनी दत्तक मूल घेण्याची सूचना केली. मूल गादीवर बसले म्हणजे सत्ता कारभाऱ्याच्या हाती राहणार हे उघड होते. राघोबादादा फौज घेऊन आले. बाईंनी आपली फौज सज्ज केली, इतर सरदारांचे साहाय्य मागितले, आणि स्त्रीशी लढण्यात अपकीर्ती येईल, मान मिळणार नाही, असे दादांस कळविले. पेशवे माधवराव यांनी बाईंचा पक्ष घेतला व लढाई टळली. लढण्याची तयारी खरी होती, म्हणूनच लढावे लागले नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

२. सत्तेची वाटणी. फौज तुकोजी होळकर यांच्याकडे दिली. तुकोजी हे मल्हाररावांचे जवळचे नातलग नव्हते, परंतु कसलेले शिपाई होते. ते वयाने मोठे असूनही बाईंस मातेचा मान देत. ते दक्षिणेत असत तेव्हा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलखाचा कारभार ते पाहत, आणि उत्तरेकडील बाई स्वतः पाहत. फौजेच्या खर्चावरून दोघांत कुरबुरी झाल्या, तरी बाई जिवंत असेपर्यंत दोघांत फूट पडली नाही. गोविंदपंत गानू हे जवळजवळ अखेरपर्यंत त्यांचे कारभारी होते. अंमलदार वरचेवर बदलले म्हणजे प्रत्येक नवा अंमलदार आपली थैली भरून घेतो आणि रयत नागवली जाते. माणूस पारखून घेऊन त्यास टिकविले तर त्यासही उद्याची काळजी असते.

३. कचेरी आणि खजिना. सर जॉन माल्कम याने १८१८ नंतर माळव्यात जुन्या माणसांस विचारून बाईंची दिनचर्या लिहून ठेविली. पहाटे उठून पूजा, पुराणश्रवण व दानधर्म. दोन प्रहरांनंतर सायंकाळपर्यंत कचेरी. रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा काम. फिर्याद करणाराची गाठ त्या स्वतः घेत. लहान तक्रारही ऐकली जाते असे लोकांस कळले, म्हणजे मधल्या अधिकाऱ्यांस आपोआप वचक बसतो. काशी, गया व इतर तीर्थी त्यांनी देवळे व घाट बांधिले. ह्या दानधर्मासाठी खासगीचे निराळे उत्पन्न होते. निपुत्रिक विधवेचे धन सरकारजमा करण्याचा लोभ त्यांनी धरला नाही. महेश्वरात विणकर वसविले. तेथील लुगडी अद्यापि प्रसिद्ध आहेत.

४. डोंगरातील लोक. हा भाग आम्हां सातपुड्यातील लोकांस सर्वांत जवळचा आहे. डोंगरवाटांनी जाणारे व्यापारी भिल्लांकडून लुटले जात. बाईंनी प्रथम सौम्य उपाय केले. ते चालले नाहीत तेव्हा कडक केले, आणि कित्येकांस देहांत शासनही झाले. ही गोष्ट लपवू नये. परंतु त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर थोडा कर घेण्याचा भिल्लांचा पूर्वापार हक्क त्यांनी मान्य केला. त्यास भिलकवडी म्हणत. उलट भिल्लांनी रस्ता राखावा आणि आपल्या हद्दीत चोरी झाल्यास माल शोधून द्यावा, असे ठरले. ज्याच्याकडून वाटेस धोका होता त्यासच वाटेचा राखणदार केले. ज्याचा हक्क मानला जातो, तोच जबाबदारीही मानतो.

५. उणीव कोठे राहिली. रामपुऱ्याकडील चंद्रावत रजपुतांचे बंड बाईंनी कठोरपणे मोडिले. तेव्हा त्यांचे राज्य केवळ ममतेवर चालले असे म्हणणे बरोबर नाही. दुसरे असे की, सर्व घडी त्यांच्या एकटीच्या शब्दावर बसली होती. १७९५ साली त्या वारल्या, १७९७ साली तुकोजी वारले, आणि तुकोजींच्या पुत्रांत गादीसाठी भांडण जुंपले. पुढे फौजांच्या धावपळीत व १८०३-०४ च्या दुष्काळात खानदेश उजाड झाला. १८१८ साली इंग्रजांचा अंमल आला, तेव्हा डोंगरात पुन्हा अशांतता होती. सात वर्षांनी, १८२५ साली, औट्रम ह्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली. म्हणजे शिक्षेने जे साधले नाही, ते विश्वासाने काम सोपविल्याने साधू लागले. बाईंस हे आधीच उमगले होते.

एलिझाबेथ व अहिल्याबाई यांच्या धर्मात, देशात व काळात मोठे अंतर आहे. तरी दोघींनी सत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ दिली नाही, दोघींनी माणसे पारखून टिकविली, आणि दोघींनी पैसा जपून वापरला. अहिल्याबाईंचे विशेष हे की, त्या रोज रयतेस भेटत असत. गावची पंचायत असो, बचतगट असो की मंडळीची पंचकमिटी असो, कारभाराची कसोटी हीच होय.

विचार करण्याजोगे प्रश्न

१. राघोबादादांशी लढाई टळली ती कोणकोणत्या कारणांनी?

२. भिलकवडीच्या करारात प्रत्येक पक्षास काय मिळाले व काय द्यावे लागले?

३. आपल्या गावात एखादे काम एकाच चांगल्या माणसावर अवलंबून आहे काय? तो माणूस नसेल तेव्हा ते चालू राहावे म्हणून आज काय करता येईल?