चवदार तळ्याचे गाणे



उर्दूत कविता करणाऱ्याला तुम्ही 'शायर' म्हणता. मराठीत डफाच्या तालावर पोवाडा गाणाऱ्याला 'शाहीर' म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. 'जलसा' आणि 'कव्वाली' हे शब्दही दोन्ही भाषांत आपलेच होऊन राहिले आहेत. आज आपण अशा गाण्यांची ओळख करून घेऊ, की ज्यांत शाहीर, जलसा आणि कव्वाली तिन्ही भेटतात.

खेडहून मुंबईकडे निघाले, की कशेडी घाट लागतो. घाट उतरला, की पोलादपूर येते आणि पुढे महाड. दरवर्षी २० मार्चला गावोगावची माणसे महाडला येतात. कोणी एस.टी.ने येते, तर कोणी टेम्पोने. येताना ती गाणी गातात. ती सगळी चवदार तळ्याकडे जातात. का बरे जातात?

पूर्वी या तळ्याचे पाणी सगळे भरत. गुरेढोरेही तेथे पाणी पीत. पण ज्यांना 'अस्पृश्य' म्हटले जाई, त्या माणसांना मात्र पाण्याला हात लावता येत नसे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केले. पण हे सारे कागदावरच राहिले. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले. त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. मग इतरांनीही ते पाणी प्यायले.

त्याच दिवशी गावात अफवा पसरली आणि परत निघालेल्या लोकांवर हल्ला झाला. कित्येक जण जखमी झाले. तेव्हा काहींना महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शांत राहायला सांगितले. पुढे डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे सर्वांना खुले असल्याचा निकाल दिला.

ही हकीकत खेड्यापाड्यांत कशी पोहोचली? वर्तमानपत्र वाचता येणारे थोडे होते. ते काम जलशांनी केले. भीमराव कर्डक यांच्यासारखे शाहीर गावोगाव जात. रात्री कंदिलाच्या उजेडात ढोलकी वाजे. गाणी होत, सोंगे होत, हसता हसता प्रश्न विचारले जात. दिवसभर राबलेली माणसे ते ऐकायला बसत आणि ताठ मानेने घरी जात.

वामनदादा कर्डक यांचे नाव तर घरोघर पोहोचले. त्यांचा जन्म १९२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील देशवंडी गावी झाला. लहानपणी त्यांना शाळा मिळाली नाही. तरुणपणी मुंबईत मजुरी करताना ते अक्षरे शिकले. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत लिहिले आणि पुढे आयुष्यभर ते लिहीत व गात राहिले. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशा गायकांनी भीमगीते लोकांपर्यंत नेली. टाळ्यांच्या ठेक्यावर, हार्मोनियमच्या साथीने ही गीते कव्वालीच्या ढंगातही रंगू लागली.

दूरच्या ऑस्ट्रेलियातही असेच घडले. तेथील आदिवासींची मुले सरकारने आईबापांपासून हिरावून नेली होती. आर्ची रोच हा गायक त्यांतलाच एक. १९९० मध्ये त्याने हे दुःख एका गाण्यातून देशाला ऐकवले. २००८ मध्ये तेथील पंतप्रधानांनी संसदेत या अन्यायाबद्दल माफी मागितली.

मित्रांनो, या गाण्यांत दुःख आहे, रागही आहे. तरी ती ऐकणाऱ्याला जवळ बोलावतात. ज्याने सोसले त्याने सांगावे आणि बाकीच्यांनी मन लावून ऐकावे, तेथूनच सलोखा सुरू होतो. महाडच्या ज्या घरांनी १९२७ मध्ये दार उघडले, त्यांनी हेच तर केले होते. कधी महाडला गेलात, तर तळ्याच्या काठी थोडा वेळ उभे राहा. कोणी गात असेल, तर जरूर ऐका.

शब्दार्थ
पाणवठा – पाणी भरण्याची जागा
ओंजळ – जोडलेल्या दोन तळहातांचा खोलगट आकार
आसरा – आश्रय
सलोखा – मेळ, मैत्री

स्वाध्याय
१. नगरपालिकेने तळे खुले केले, तरी लोकांना पाणी का मिळाले नाही?
२. महाडच्या मुसलमानांनी कोणती मदत केली?
३. जलशांचे काम वर्तमानपत्रांना का जमले नसते?
४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना एखादे जुने गाणे विचारा. ते कोणत्या प्रसंगी गात असत, ते पाच ओळींत लिहा.