टिवो सोडायचाय ना? मग ऐक जरा

अगं, टिवोने २०२५ च्या ऑक्टोबरपासून रेकॉर्डर विकणं बंद केलं हे खरं, पण म्हणून तुझ्या दिवाणखान्यातला टिवो रोमिओ काही त्याच दिवशी बंद पडलेला नाही. आहेत त्या गिऱ्हाइकांची सेवा चालू ठेवू असं कंपनीने सांगितलंय. म्हणजे तुझ्या हाताशी वेळ आहे, आणि मिथटीव्हीसारखा मुक्त सॉफ्टवेअरचा रेकॉर्डर घरी उभा करायला वेळच जास्त लागतो. बाकीचं तुला जमणार आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नोकरी, दोन मुलं आणि मुक्कामाला आलेले सासू-सासरे एवढं सगळं जी बाई सांभाळते, तिला एक लिनक्सचं मशीन सांभाळता येणार नाही असं मला कुणी सांगू नये.

खरं सांगू का, मला तुझ्या मशीनची नाही, रिमोटची काळजी वाटते. संध्याकाळी सातला सात नंबरच्या चॅनेलवर ‘जेपर्डी’ लागतं. तेव्हा घरात जेवणाची गडबड, म्हणून सासरे ते नंतर निवांत बघतात. तो मधे बारीक असलेला, शेंगेच्या आकाराचा रिमोट त्यांच्या हाताला बसलाय. एका शनिवारी तू टिवो उचलून माळ्यावर टाकलास आणि सोमवारी ‘जेपर्डी’ मिळालं नाही, तर पुढे कितीही छान चालवून दाखव, ‘आधीचंच बरं होतं’ हे वाक्य तुला वर्षभर ऐकावं लागेल. म्हणून टिवोला हात लावू नकोस. तो आहे तिथे राहू दे, रोजचं काम करू दे. मिथटीव्ही त्याच्या शेजारी गुपचूप उभा कर आणि महिना-दोन महिने दोन्ही बरोबरीने चालव. घरच्यांना कळलंसुद्धा नाही पाहिजे.

मिथटीव्ही आयझॅक रिचर्ड्स नावाच्या माणसाने २००२ मध्ये लिहायला घेतला, केबलच्या डब्याला कंटाळून. तेव्हापासून लोक तो आपापल्या घरासाठी सुधारत आलेत. आणि हे बघ, तुझ्या टिवोच्या आतही लिनक्सच आहे. फरक एवढाच, की टिवो स्वतःची सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देतो, तू बदललेलं चालू देत नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना हे इतकं खटकलं की २००७ मध्ये जीपीएल परवान्याची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा त्यात ही वाट बंद करणारं कलम घातलं गेलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं गं. आपल्या घरात, आपल्या विजेवर चालणारी वस्तू आपल्याला उघडून दुरुस्त करता आली पाहिजे.

आता सामान. तळघरात नवऱ्याचा जुना डेस्कटॉप पडलाय ना, तो पुरतो. रेकॉर्डिंगसाठी फार ताकदीचं मशीन लागतं असं सगळ्यांना वाटतं, पण ते तसं नाही. अँटेनावरून येणारं चित्र आधीच एमपेग-२ मध्ये दाबून आलेलं असतं. रेकॉर्डर ते फक्त डिस्कवर उतरवून ठेवतो. प्रोसेसरला घाम फुटतो तो जाहिराती शोधताना, आणि ते काम रात्री चालू दे. एचडीचा एक तास साधारण पाच-सहा जीबी खातो, म्हणजे चार टीबीच्या डिस्कवर सहाशेच्या वर तास बसतील. तुम्ही तेवढं बघणार आहात का? मग आठ टीबीच्या मागे लागू नकोस.

ट्यूनर घे तो एचडीहोमरनचा, चार ट्यूनरवाला. त्याला एका बाजूने अँटेनाची वायर लागते, दुसऱ्या बाजूने राउटरची. डेस्कटॉप उघडून आत कार्ड बसवायची भानगड नाही. दुकानात तुला नव्या ‘एटीएससी ३.०’ प्रक्षेपणाचा महागडा ट्यूनर गळ्यात मारायला बघतील, तो आत्ता घेऊ नकोस. नव्या प्रक्षेपणांतल्या बऱ्याच चॅनेलवर कुलूप घातलंय, आणि मिथटीव्हीकडे त्याची किल्ली नाही. जुनं प्रक्षेपण चालू आहे, तोवर जुना ट्यूनर उत्तम.

अँटेनाचं मात्र नीट ऐक, कारण तुझ्या घरी सगळा खेळ सात नंबरचा आहे. २००९ च्या जूनमध्ये अमेरिकेतलं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं, तेव्हा पुष्कळ चॅनेल वरच्या यूएचएफ पट्ट्यात गेली. स्क्रीनवर आकडा जुनाच दिसतो, पण लहरी भलत्याच ठिकाणाहून येतात. न्यूयॉर्कचं सात नंबर आणि अकरा नंबर मात्र खरोखरच सातवर आणि अकरावर, व्हीएचएफमध्ये आहेत. खिडकीला चिकटवायच्या त्या कागदासारख्या चपट्या अँटेना यूएचएफसाठी बऱ्या, पण सातला अडखळतात. सातच्या लहरीची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणून तिला पकडायला टोकापासून टोकापर्यंत ऐंशी-पंच्याऐंशी सेंटीमीटरची दांडी लागते. तेव्हा खोक्यावर ‘हाय व्हीएचएफ’ लिहिलेलीच अँटेना आण, शक्य तर पोटमाळ्यावर बसव आणि तोंड मॅनहॅटनकडे कर. टिवो आणि नवा ट्यूनर दोघांना वायर वाटायला स्प्लिटर लावशील, तेव्हा सिग्नल निम्म्याहून कमी होतो हेही लक्षात ठेव. दोन तोंडांचं काम असेल तिथे चार तोंडांचा स्प्लिटर लावू नकोस.

सॉफ्टवेअरला उबुंटू घे. जुन्या लेखांत ‘मिथबुंटू’चं फार कौतुक सापडेल, पण ते २०१६ मध्येच बंद झालं, त्याच्या शोधात जाऊ नकोस. साध्या उबुंटूवर मिथटीव्ही बसवायचा. एक खड्डा हमखास येतो, तो आत्ताच सांगून ठेवते. मिथटीव्ही आपली सगळी नोंद मारियाडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि त्या डेटाबेसला जगातल्या वेळांचे तक्ते भरून द्यावे लागतात. ते भरले नाहीत तर मिथटीव्ही चालूच व्हायला नकार देतो, आणि नवी माणसं तिथे रडकुंडीला येतात. एका ओळीची आज्ञा आहे, ती दिली की झालं. तुझं काही चुकलेलं नसतं.

कार्यक्रमपत्रिकेसाठी ‘शेड्यूल्स डायरेक्ट’ची वर्षाची वर्गणी भर. तिथे कंजूषपणा नको बाई. आधी अशा घरगुती रेकॉर्डरांना एका सेवेकडून यादी फुकट मिळायची. २००७ मध्ये ती बंद झाली, तेव्हा असे रेकॉर्डर बनवणाऱ्या लोकांनी एकत्र येऊन ना-नफा तत्त्वावर ही संस्था काढली. हवेतूनही थोडी यादी येते, पण ती काही तासांपुरती. पुढच्या आठवड्यात कुठला भाग नवा आणि कुठला जुना, हे कळल्याशिवाय रेकॉर्डर शहाणा होत नाही.

यादी आली की टिवोचे वनपास, म्हणजे मालिका रेकॉर्ड करायचे त्याचे नियम, बघून एकेक नियम मिथटीव्हीत घाल. इथे तुला आवडेल असं पुष्कळ आहे. रविवारी सीबीएसवर फुटबॉल लांबतं आणि ‘सिक्स्टी मिनिट्स’ उशिरा सुरू होतं, हे तुझ्या नवऱ्याचं नेहमीचं दुःख. त्या नियमाला ‘तासभर उशिरा संपव’ एवढं सांगून ठेव. आणि तेरा नंबरच्या पीबीएसवर ‘नोव्हा’ चालू असताना त्याच लहरींतून मुलांचं पीबीएस किड्सही येत असतं, ते दोन्ही मिथटीव्ही एकाच ट्यूनरवर उतरवून घेतो. ट्यूनरसाठी भांडणं नाहीत.

आता डेटाबेसचं परत सांगते, कारण इथे माणसं हळहळतात. रेकॉर्डिंग कुठे ठेवतो ते बघायला तू फोल्डर उघडशील, तर आत नावं दिसणारच नाहीत. नुसती आकड्यांची माळ: चॅनेलचा क्रमांक, मग वर्ष, महिना, दिवस आणि वेळ, तीही ग्रीनिचची. उन्हाळ्यातलं आपलं संध्याकाळचं सात तिथे तेवीस म्हणून पडतं. ‘जेपर्डी’ कुठलं आणि ‘नोव्हा’ कुठलं हे फक्त डेटाबेसला माहीत. तो गेला तर डिस्क शाबूत असूनही तुझ्या हातात लेबलं निघून गेलेले मसाल्याचे डबे उरतील, एकेक उघडून वास घेत बस. मिथटीव्हीबरोबर डेटाबेसची प्रत काढणारी छोटी स्क्रिप्ट येते. ती रोज रात्री आपोआप चालेल असं कर, आणि प्रत दुसऱ्या डिस्कवर जाऊ दे. हे काम पहिल्याच दिवशी, ‘नंतर बघू’ नाही.

पण त्या आकड्यांच्या फाइली तुझ्या आहेत बघ. कुठल्याही संगणकावर उघडतात, पेन ड्राइव्हवर मावतात, मुलगी कॉलेजला गेली तर तिला नेता येतात. टिवोचा मदरबोर्ड गेला तर आतली रेकॉर्डिंग त्याच्याबरोबर गेली. मिथटीव्हीत डेस्कटॉप जळाला तरी डिस्क काढायची आणि दुसऱ्या मशीनला लावायची.

तुझ्या टिवोत धाकटीच्या लहानपणचे कार्यक्रम साठवलेत आणि ते जातील म्हणून तू कासावीस आहेस, ते मला कळतं. ते जाणार नाहीत. टिवोच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया ॲक्सेस की’ नावाचा दहा आकडी क्रमांक आहे, तो लिहून घे. घरातल्या संगणकावर ब्राउझरमध्ये टिवोचा आयपी पत्ता टाकलास की तो नाव आणि पासवर्ड विचारतो. नाव ‘टिवो’, इंग्रजी लहान अक्षरांत, आणि पासवर्ड तोच क्रमांक. सगळी यादी समोर येते. उतरवलेल्या फाइलींना कुलूप असतं, ते त्याच क्रमांकाने उघडायला केएमटीटीजी नावाचं मुक्त साधन आहे. अँटेनावरून घेतलेलं सगळं असं बाहेर येतं. केबलवरून घेतलेल्यातलं मात्र कंपनीने ‘प्रत नको’ अशी खूण केलेलं येत नाही. तुमच्याकडे केबल कधी नव्हतीच, त्यामुळे सुटलीस. हे काम हळू चालतं, रात्री लावून झोप.

आणि कायद्याची धास्ती बाळगू नकोस. घरी नंतर बघायला रेकॉर्ड करणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये, सोनीच्या बेटामॅक्स खटल्यात, वैध ठरवलंय. पाच विरुद्ध चार मतांनी. त्या निकालात पीबीएसवरच्या फ्रेड रॉजर्सच्या साक्षीचा उल्लेख आहे. घरच्यांना मुलांचे कार्यक्रम रेकॉर्ड करून सोयीच्या वेळी दाखवता यावेत, असं मुलांच्या त्या लाडक्या माणसाने न्यायालयात सांगितलं होतं. मला त्याचं फार अप्रूप आहे.

जाहिरातींचं तू विचारलंस. मिथटीव्ही मधले काळे क्षण, कोपऱ्यातला चॅनेलचा लोगो गायब होणं, दृश्य किती भराभर बदलतात, हे बघून जाहिराती ओळखतो. बहुतेकदा बरोबर, पण नेहमी नाही. म्हणून जाहिराती कापून टाकायला सांगू नकोस, नुसत्या खुणा करू दे. बटण दाबलं की पुढे उडी, चुकली तर दुसऱ्या बटणाने मागे. पीबीएसवर हा शोध बंदच ठेव, तिथे मधे जाहिराती नसतातच.

सासूबाईंच्या मराठी मालिकांचं मात्र स्पष्ट सांगते. त्या ॲपवरून येतात आणि मिथटीव्ही त्यांना हात लावू शकत नाही. कुणी ‘होतं गं’ म्हणालं तरी त्या नादी लागू नकोस. त्यांची ॲप वेगळी राहू देत. म्हणूनच टीव्हीपाशी डेस्कटॉप नेऊन ठेवण्यापेक्षा तळघरातला तळघरात राहू दे, आणि टीव्हीला अँड्रॉइडवाला छोटा डबा लाव. त्यावर कोडी नावाचं ॲप टाक, कोडीला मिथटीव्हीची जोडणी आहे. मग एकाच रिमोटवर मालिकाही आणि रेकॉर्डिंगही. सासऱ्यांना चारच गोष्टी शिकवायच्या: यादी, सुरू, थांब, पुढे उडी. उरलेली बटणं त्यांच्यासाठी नाहीतच असं समज.

टिवो कधी काढायचा ते सासरे ठरवतील. एका संध्याकाळी ते आपणहून नव्या रिमोटने ‘जेपर्डी’ लावतील आणि टिवोकडे ढुंकून बघणार नाहीत. तरीही पुढचा आठवडाभर तो जागेवर ठेव.

या शनिवारी मात्र लिनक्स नाही, डेटाबेस नाही, काही नाही. फक्त अँटेना बसव आणि ट्यूनर जोड. एचडीहोमरनच्या पानावर प्रत्येक चॅनेलसमोर तीन आकडे दिसतात: सिग्नलची ताकद, सिग्नलचा दर्जा आणि सिम्बॉलचा दर्जा. तिसरा आकडा शंभर टक्के हवा, आणि शंभरवर टिकून राहायला हवा. सात नंबर लावून दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बस, मायक्रोवेव्ह सुरू करूनही बघ. मग तिन्ही आकडे मला फोनवर पाठव. कमी असतील तर रविवारी मी शिडी घेऊन येते.