तोंडी देकार आणि लेखी करारनामा

अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडा-शिष्यवृत्तीचे आकर्षण आपल्याकडील टेनिसपटू मुलांच्या पालकांना वाटते, आणि व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना 2007 व 2008 अशी लागोपाठ दोन वर्षे तेथील आंतरविद्यापीठीय एकेरीचे अजिंक्यपद मिळविणाऱ्या सोमदेव देववर्मनचे उदाहरण पाहता ते अनाठायीही नाही. परंतु ज्या शब्दावर विसंबून मुलगा इतर विद्यापीठांना नकार कळवितो, त्या शब्दाला आधार कशाचा, ही चौकशी वेळीच व्हावयास हवी.

तेथील रीत अशी, की प्रशिक्षक प्रथम तोंडी देकार देतो, मुलगा तोंडीच होकार भरतो, आणि करारनाम्यावर सह्या मात्र बहुतेक खेळांत शाळेच्या अखेरच्या वर्षी नोव्हेंबरापासून पुढे होतात. मधल्या काळातील होकार एन.सी.ए.ए. या नियामक संस्थेच्या दृष्टीने कोणावरच बंधनकारक नसतो. दोन्ही पक्ष मोकळे खरे, पण ही मोकळीक समान नव्हे. मुलाने शब्द फिरविला तर प्रशिक्षक यादीतील पुढच्या नावाकडे वळतो. प्रशिक्षकाने तो ऐनवेळी फिरविला, तर इतर संघांतील जागा तोवर भरून गेलेल्या असतात आणि मुलाचे अख्खे वर्ष पणाला लागते. अभ्यासातील घसरण किंवा गैरवर्तन यांमुळे देकार मागे घेतला गेला तर तक्रारीस जागा नाही. पण अधिक सरस खेळाडू गवसला किंवा नवा प्रशिक्षक आला, एवढ्यासाठी तो रद्दबातल करणे हा, नियमांत बसत असला तरी, विश्वासभंगच होय.

जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या, एन.सी.ए.ए.विरुद्धच्या ‘हाऊस’ खटल्यातील तडजोडीने ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरील मर्यादा उठली आणि तिच्या जागी संघाच्या आकारावर मर्यादा आली, फुटबॉलला 105, टेनिसला 10. तिची चाहूल लागताच शब्द दिलेल्या कित्येक मुलांना वगळण्यात आले. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हरकत घेतल्यावर अशा मुलांना मर्यादेबाहेर धरण्याची मुभा मिळाली, मात्र त्यांना परत घेण्याची सक्ती विद्यापीठांवर झाली नाही, याचे मला अतिशय वाईट वाटते.

म्हणून सही होईपर्यंत इतर प्रशिक्षकांशी पत्रव्यवहार चालू ठेवावा, त्यात संकोच मानू नये. शिष्यवृत्तीची मुदत एका वर्षाची की चार वर्षांची, दुखापत झाल्यास अथवा प्रशिक्षक गेल्यास तिचे काय होणार, हे लेखी विचारून घ्यावे. अभ्यासू मुलांनी आयव्ही लीगचाही विचार करावा. तेथे क्रीडा-शिष्यवृत्ती नसते, जे साहाय्य मिळते ते कुटुंबाच्या ऐपतीवर ठरते, त्यामुळे खेळ सुटला तरी ते सुटत नाही. व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. तिच्या हिशेबात शिष्यवृत्तीची रक्कम सहीचा कागद हाती आल्यावरच धरावी, आणि तोवर इकडील महाविद्यालयांच्या प्रवेशअर्जांच्या मुदती चुकवू नयेत.