कोंबडी घरची, रोग गल्लीचा

छत्रपती संभाजीनगरात रेल्वे स्थानकाकडून क्रांती चौकाकडे येताना उस्मानपुरा लागतो. मुख्य रस्त्यावर दुकाने, दवाखाने आणि वाहनांची गर्दी असते. पण अशा जुन्या वस्तीच्या आतल्या गल्लीत पहाटे उभे राहिले तर कोंबड्याची बांग ऐकू येते. जिन्याखाली खुराडे, मोरीजवळ फुटक्या घमेल्यात पाणी आणि दाराशी भाकरीचा चुरा टिपणाऱ्या चार-दोन कोंबड्या असतात. गावाकडून शहरात आलेल्या कुटुंबाने गाय-म्हैस मागे सोडली तरी कोंबडी सोडली नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, गावातील परस असो की शहरातील गल्ली, कोंबडी पाळणाऱ्यांची अडचण सारखीच आहे. मोठ्या शेडमधील कोंबड्या एका मालकाच्या असतात व त्या आत राहतात. परसातील कोंबडी रात्री आपल्या खुराड्यात झोपते, पण दिवसभर सगळ्या गल्लीचे उकिरडे उकरते. दहा घरांच्या कोंबड्या एकच डबके पितात. म्हणजे मालकी घराघराची असली तरी कळप एकच असतो. आपण मात्र सांभाळ घरापुरता करतो, आणि बहुतेक नुकसान येथेच होते.

आठ कोंबड्या आणि शंभर मात्रांची बाटली

आपल्याकडे परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत. कोंबडी सुस्त होते, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट पातळ विष्ठा टाकते. मान वाकडी होते, पाय व पंख लुळे पडतात. एकदा रोग शिरला की आठवडाभरात गल्लीतील खुराडी रिकामी होतात. यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात, पाचव्या ते सातव्या दिवशी, पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब टाकतात. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही लस टोचतात. उत्तराखंडातील मुक्तेश्वर येथील संस्थेच्या नावावरून तिला मुक्तेश्वर लस असेही म्हणतात.

मग लोक लस का टोचून घेत नाहीत? अज्ञान हे उत्तर आम्हाला फारसे पटत नाही. खरे कारण बाटलीत आहे. लसीची बाटली शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. उरलेली लस दुसऱ्या दिवशी चालत नाही. ज्या बाईकडे आठ कोंबड्या आहेत, तिने आठ मात्रांसाठी बर्फ, थर्मास आणि दवाखान्याची खेप कशासाठी करावी? तिचा हिशेब चुकीचा नाही, पण तो एका घराचा आहे.

तोच हिशेब गल्लीचा करून पाहावा. समजा १४ घरांत मिळून सव्वाशे कोंबड्या आहेत. दोनशे मात्रांची एक बाटली, एक थर्मास आणि एक सकाळ, एवढ्यात काम होते. आदल्या दिवशी दवाखान्यात सांगून ठेवावे. टोचण्याचे काम पशुवैद्यक किंवा प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडूनच करून घ्यावे. कोंबड्या खुराड्याबाहेर सोडण्यापूर्वी, उजाडतानाच सुरुवात करावी. एकदा त्या बाहेर पडल्या की पकडण्यातच दोन तास जातात आणि लस वाया जाते. धरून द्यायला पोरे आनंदाने येतात. आजारी कोंबडीला लस टोचू नये. आर-टू-बी लहान पिलांना मुळीच देऊ नये, त्यांना ती सोसत नाही. तलंगा अंड्यावर येण्यापूर्वीच ती टोचून घ्यावी, कारण अंड्यावरच्या कोंबडीला टोचल्यास काही दिवस अंडी कमी होतात. रिकामी बाटली व उरलेली लस उकिरड्यावर न टाकता नष्ट करावी.

आता कोणी म्हणेल, प्रत्येक घरची पिले वेगवेगळ्या वयाची, मग लासोटा एकाच दिवशी कशी द्यायची? शंका रास्त आहे. त्यासाठी लसीच्या आधी, अंडी बसवण्यापासूनच एकत्र यावे लागते.

खुडूक कोंबडीची देवाणघेवाण

ही देवाणघेवाण आपल्याकडे जुनीच आहे. एकीची कोंबडी खुडूक झाली, पण अंडी नाहीत. दुसरीकडे अंडी आहेत, पण कोंबडी बसत नाही. मग अंडी एकीची, कोंबडी दुसरीची आणि पिले अर्ध्या वाट्याने. सुधारित जाती आल्यापासून या पद्धतीची गरज वाढली आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज गावरान कोंबडीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त अंडी देते, पण खुडूक सहसा होत नाही. तिची अंडी उबवायला शेजारणीची गावरान कोंबडीच लागते. म्हणून सर्वांनी गावरान काढून सुधारित घ्यावी, हा सल्ला आम्हाला मान्य नाही. गल्लीत दोन्ही हव्यात.

एकाच आठवड्यात गल्लीतील चार-पाच खुडूक कोंबड्या बसवल्या तर २१ दिवसांनी सगळी पिले एकदम निघतात आणि एका बाटलीत सर्वांचे काम होते. एका कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवावीत. अंडी आठवड्यापेक्षा जुनी नसावीत. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत अंडी बसवू नयेत. उन्हाने अंडी खराब होतात आणि निघालेली पिले उष्म्याने दगावतात. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ चांगला. सुधारित जातीची पिले किंवा उबवणुकीची अंडी हवी असल्यास छत्रपती संभाजीनगर येथे पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तेथे आधी मागणी नोंदवावी. ही मागणीसुद्धा पाच-सहा घरांनी मिळून केली तर खेप वाचते.

कोंबडा मात्र घरोघरी नको. आठ-दहा माद्यांमागे एक पुरतो. शेजाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी पहाटेच्या बांगेच्या असतात, आणि उरलेल्या वाळवणाच्या. गच्चीवर पसरलेल्या गव्हात कोंबडी शिरली की दोन घरांत महिनाभर बोलणे बंद होते. अशा अबोल्यात लसीचा दिवस कोण ठरवणार? म्हणून वाळवणाच्या दिवसांत दुपारपर्यंत कोंबड्या डालग्याखाली ठेवाव्यात.

पहिली कोंबडी मेली की

आता नाजूक गोष्ट. एखाद्या घरी सकाळी कोंबडी मेलेली सापडते. घरची बाई ती गुपचूप नाल्यात टाकते, कारण गल्ली म्हणेल, रोग हिच्याकडून आला. संध्याकाळी आणखी दोन सुस्तावतात. मग उरलेल्या पाटीत घालून आठवडी बाजारात मिळेल त्या भावाने विकल्या जातात. विकणारीचे चार पैसे वाचतात, पण तीच पाटी रोग पाच गावांत पोहोचवते. तिला दोष देणे सोपे आहे. अंड्यांचा पैसा हाच तिच्या हातातला एकमेव पैसा असतो. म्हणून गल्लीने आधीच ठरवावे, की पहिली मर सांगणाऱ्या घराला कोणी बोल लावणार नाही आणि पुढच्या हंगामात त्या घराला पिले देताना पहिला वाटा मिळेल.

सांगण्यात पैशाचाही फायदा आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील गावांत तो परसातील कोंबड्यांत दिसला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा येथे, म्हणजे आपल्या मराठवाड्यातच, तो पोहोचला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीर येथे कावळे मरून पडले, त्यांच्यातही हाच रोग निघाला. बर्ड फ्लू निश्चित झाला की ठरावीक परिसरातील सर्व कोंबड्या शासन नष्ट करते व त्यांची भरपाई देते. मात्र आधीच मेलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळत नाही. म्हणजे लपवण्यात जितके दिवस जातात, तितकी भरपाई बुडते. प्रत्येक घरी किती कोंबड्या, किती तलंगा, किती पिले हे एका वहीत महिन्याला लिहून ठेवले तर अशा वेळी वाद होत नाही. वही शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्यावी. ती नीट ठेवते.

एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या किंवा आसपास कावळे मरून पडले तर हात लावू नये, बाजारात काही नेऊ नये आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मानमोडी की बर्ड फ्लू, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यासाठी नमुने तपासावे लागतात. एरवी एखादी कोंबडी मेल्यास हातात पिशवी घालून उचलावी आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. शहरात जागा नसल्यास महापालिकेला कळवावे. घंटागाडीत टाकू नये.

यंदा सुरुवात करायची असल्यास दिवाळीच्या आठ दिवस आधी गल्लीतील बायकांनी एकदा बसावे, कोणाची कोंबडी खुडूक आहे ते पाहावे आणि वहीत पहिले पान लिहावे.