विजेविना शेतवस्ती : श्रमांचा एक हिशेब

ग्रामीण विद्युतीकरणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो दिवा. अंधाऱ्या घरात लागलेला पहिला दिवा हे प्रगतीचे प्रतीक मानण्याची आपली रीत आहे आणि ती चुकीचीही नाही. तथापि गावठाणापासून दूर, शेतावरच वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबाच्या दिनक्रमाचा बारकाईने अभ्यास केला, तर असे दिसते की, विजेच्या अभावी होणाऱ्या कष्टांत अंधाराचा वाटा त्या मानाने लहान असतो. मोठा वाटा असतो तो पाणी, पीठ आणि जळण या तीन नित्याच्या गरजांचा. या गरजा भागविण्यासाठी कोणाचे किती तास खर्ची पडत होते, याचा हिशेब मांडल्यावाचून विजेचे खरे मोल ध्यानात येणार नाही.

मोटेचे पाणी

दख्खनच्या पठारावर विहीरबागायत शतकानुशतके मोटेवर चालत आली. चामड्याची मोट, तिला ओढणारा जाड नाडा, मोटेच्या सोंडेला बांधलेला सोंदूर, पाणी पडण्यासाठी बांधलेले थारोळे आणि बैलांना चालण्यासाठी केलेली उतरती धाव, अशी ही सारी मांडणी असे. बैलजोडी धावेवरून खाली चालत जाई, त्यामुळे ओढीला बैलांच्या वजनाचीही मदत होई. मोट वर येताच सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे आणि पाटाने शेतात जाई. मग बैल उलट्या पावली धाव चढत आणि रिकामी मोट पुन्हा विहिरीत उतरे.

ही रचना कल्पक होती. परंतु तिची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. एक एकर क्षेत्राला पाच सेंटिमीटर खोलीचे एक पाणी द्यावयाचे, तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते. एका मोटेत दीडशे लिटर पाणी येते आणि मिनिटाला एक मोट निघते असे धरले, तर एकरभर पाण्यासाठी तेराशेहून अधिक मोटा ओढाव्या लागतील. म्हणजे सुमारे बावीस तासांचे काम. बैलांची विसावा घेण्याची वेळ धरता त्याला तीन दिवस सहज लागतात. शिवाय एक माणूस मोटेवर आणि दुसरा दारे धरण्यास हवाच. दहा मीटर खोलीवरून तेवढेच पाणी पाच अश्वशक्तीचा विद्युतपंप साधारणपणे चार-पाच तासांत उपसतो. मोटेवरची बागायत थोडक्या क्षेत्रापुरतीच का राहत असे, याचे एक मोठे कारण या गणितात आहे.

घरात वापरावयाचे पाणी मात्र मोटेने नव्हे, तर बायकांच्या डोक्यावरून येई. सहा माणसांच्या घराला दिवसाकाठी सव्वाशे लिटर पाणी लागते असे मानले, तरी पंधरा लिटरच्या घागरीने आठ खेपा होतात. विहीर बांधावर असली तर ठीक. उन्हाळ्यात ती आटली की हीच खेप मैलाची होई.

जाते आणि चूल

ज्वारी-बाजरी हे पठारावरील मुख्य अन्न. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी नीट थापता येत नाही. त्यामुळे आठवड्याचे दळण एकदम करून ठेवणे सोयीचे नव्हते, दळण रोजचेच. सहा माणसांना लागणारे अडीच-तीन किलो पीठ जात्यावर काढण्यास तास-दीड तास सहज जाई आणि हे काम पहाटे, इतर कामांच्या आधी उरकावे लागे. याच कष्टातून ओवी जन्मली. हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन यांनी पुणे येथून हाती घेतलेल्या कार्यात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल यांबरोबरच दळणाऱ्या हातांचा शीणही त्यांत नोंदलेला आहे. ओवीचे कौतुक करताना तो शीण विसरणे योग्य होणार नाही.

गावठाणात प्रथम तेलाच्या एंजिनावर आणि पुढे विजेवर चालणारी गिरणी आली, तेव्हा जाते थांबले. वस्तीवरच्या बाईला मात्र दळण डोक्यावर घेऊन गिरणीपर्यंत जाणे भागच होते.

जळणाचेही तसेच. तुरकाठ्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या काटक्या आणि पावसाळ्यापूर्वी थापून, वाळवून रचलेल्या गोवऱ्या यांवर वर्षभराची चूल चाले. जे शेण खत म्हणून शेतात जावयाचे ते चुलीत जाई आणि धूर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या व तिच्या मांडीवरील मुलाच्या छातीत साठे. वीज आली तरी चुलीचा प्रश्न आपोआप सुटत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यासाठी गोबरगॅस, सुधारित चूल किंवा स्वयंपाकाचा गॅस यांची स्वतंत्र सोय करावी लागते.

उजेडाची काटकसर

करडई वा करंजाच्या तेलाची पणती, त्यानंतर रॉकेलची चिमणी आणि कंदील, असा वस्तीवरील उजेडाचा प्रवास आहे. साध्या चिमणीच्या मानाने साठ वॅटच्या विजेच्या दिव्याचा प्रकाश पन्नास पटींहूनही अधिक असतो. तेल विकत आणावयाचे असल्याने दिवेलागणीनंतर जेवणे उरकून लवकर निजणे ही सवय बनली. कंदील एक आणि गरजा अनेक, अशा घरात स्वयंपाक, गोठा आणि मुलांचा अभ्यास यांतून अभ्यासच मागे पडत असे, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

जतन करण्याजोगे ज्ञान

या जीवनात केवळ कष्टच होते असे नाही. अनुभवाने सिद्ध झालेले पुष्कळ ज्ञानही होते. रांजण किंवा माठ ओल्या वाळूवर सावलीत ठेवून, पाझरणाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाने पाणी गार करणे. डाळी-कडधान्यांना राख चोळून किंवा त्यांत कडुनिंबाचा पाला घालून कीड रोखणे. शेणामातीने लिंपलेल्या कणगीत धान्य कोरडे ठेवणे, ही त्याची उदाहरणे. जमिनीखालच्या पेवात ज्वारी साठविली जाई. बंद पेवात धान्याच्या श्वसनामुळे कर्बवायू साचतो व प्राणवायू कमी होतो. म्हणून पेव उघडल्यावर ते काही काळ मोकळे ठेवून, दिवा आत सोडून तो विझतो की काय हे पाहिल्याशिवाय जाणते लोक कोणाला आत उतरू देत नसत. ही माहिती असलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. शाळांनी परिसर अभ्यासात तिची नोंद करून घेतली, तर विज्ञानाचे कितीतरी पाठ गावातच सापडतील.

वीज पोहोचली म्हणजे काय ?

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली आणि केंद्राचे ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ साली स्थापन झाले. प्रारंभीच्या काळात सिंचनपंपांना वीज देण्यावर विशेष भर होता. १९९७ पर्यंतच्या व्याख्येनुसार गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असली, तरी ते गाव विद्युतीकृत गणले जाई. २००४ साली ही व्याख्या कडक झाली. शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी, अशा अटी आल्या. तरीही उरलेली नव्वद टक्के घरे अंधारात राहू शकत होती आणि त्यांत शेतवस्त्या असण्याचाच संभव अधिक होता. प्रत्येक घर हे परिमाण मानणारी ‘सौभाग्य’ योजना २०१७ साली सुरू झाली.

परंतु जोडणी आणि पुरवठा या दोन गोष्टी भिन्न आहेत. शेतीच्या वाहिनीवर असलेल्या वस्तीला शेतीच्या वेळापत्रकाप्रमाणेच वीज मिळते. पुरवठ्याची पाळी रात्रीची असली की शेतकऱ्याला काळोखात, सापकिरडाच्या भयात दारे धरावी लागतात. मोटेचे कष्ट गेले, पण रात्रीची झोपही गेली. दिवसा वीज देण्याच्या हेतूने राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हाती घेतली, तिचे महत्त्व या दृष्टीने आहे.

म्हणून ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील प्रत्येक शेतवस्तीची नोंद घेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पिण्याचे पाणी घरापर्यंत कोण आणि किती खेपांनी आणते ? दळण आणि जळण यांसाठी आठवड्याचे किती तास जातात ? संध्याकाळी सात ते दहा या वेळेत मुलांना वाचण्यापुरता उजेड मिळतो काय ? या प्रश्नांची उत्तरे शक्यतो घरातील स्त्रियांकडूनच घ्यावीत आणि ती ग्रामसभेपुढे वाचून दाखवावीत. खांब किती उभे राहिले आणि मीटर किती बसले, याचे आकडे कार्यालयात मिळतात. कोणाच्या डोक्यावरचे ओझे खरोखर उतरले, हे मात्र वस्तीवर जाऊनच कळेल.