दोन दारांची मोटार आणि लेकुरवाळे कुटुंब

मलकापूरहून बुलढाण्याकडे जाणारा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता मोताळ्यापर्यंत बराचसा सपाट मुलखातून जातो. दोन्ही बाजूंना कपाशी, मका आणि सोयाबीनची शेते दिसतात. मोताळा मागे पडले की राजूर घाट सुरू होतो आणि वळणावळणाने वाहन अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाणा शहरात पोहोचते. जिल्हा कचेरी, न्यायालय, मोठे दवाखाने वर. रेल्वे स्थानक आणि धान्याची मोठी उलाढाल खाली. साहजिकच मोताळा तालुक्यातील कुटुंबांची ये-जा या रस्त्यावर सतत चालू असते. पूर्वी ती एस. टी. किंवा जीपने होत असे. आता तीत खासगी मोटारींची भर पडली असून, त्यांत दोन दारांच्या, दिसावयास दणकट व रुबाबदार अशा गाड्याही आढळतात.

अशी गाडी बहुधा घरातील तरुणाच्या हौसेने येते. लग्न होते, मूल होते, आणि मित्रमंडळींसाठी घेतलेले वाहन संसाराचे वाहन बनते. ती विकून दुसरी घेणे प्रत्येकास परवडत नाही. परवडले तरी मन होत नाही. तेव्हा अशा गाडीतून लहान मुलांना सुरक्षितपणे कसे न्यावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांना तो पालकांपुढे मांडावा लागणार असल्याने त्याचा थोडा तपशिलाने विचार करणे योग्य होईल.

दोन दारांची मोटार ही आपल्याकडे नवी वस्तू नव्हे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या हिमतीवर घडविलेल्या ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा १९४९ मधील पहिला नमुना दोनच माणसांसाठी होता. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून ‘हेरल्ड’ ही देखणी दोन दारी मोटार भारतात बनविली. परंतु भारतीय कुटुंबात मागच्या आसनावर आजी-आजोबा आणि मुले बसणार, त्यांनी दरवेळी पुढील आसन वाकवून आत शिरावयाचे, ही व्यवस्था येथे रुजली नाही. साठीच्या दशकाच्या अखेरीस कंपनीला त्याच गाडीला चार दारे करावी लागली. पुण्याच्या टेल्कोने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘सिएरा’लाही प्रवाशांसाठी दोनच दारे होती आणि मागील बाजूच्या मोठ्या वक्राकार काचा उघडत नसत. हे नाव २०२५ मध्ये पुन्हा बाजारात आले ते चार दारे घेऊनच. नाशिक येथे तयार होणाऱ्या महिंद्रा ‘थार’ची २०२० ची आवृत्ती दोन दारी असून लोकप्रिय ठरली, तरीही १५ ऑगस्ट २०२४ रोजी तिची चार दारांची मोठी भावंड ‘थार रॉक्स’ आणण्यात आलीच. एकच अनुभव उद्योगाला तीनदा यावा, यातच भारतीय संसाराचे स्वरूप दिसून येते. १४ डिसेंबर १९८३ रोजी ज्या मारुती ८०० चे वितरण सुरू झाले ती आकाराने किती लहान होती! पण तिला चार दारे होती, आणि लाखो घरांत ती पहिली मोटार म्हणून गेली.

याचा अर्थ दोन दारी गाडी मुलांना धोकादायक असते असा मात्र नव्हे. २०२० च्या थारची त्याच वर्षी ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने धडक-चाचणी घेतली, तेव्हा प्रौढांच्या तसेच बालकांच्या सुरक्षिततेसाठी तिला पाचपैकी चार तारे मिळाले. मागची आसने पुढे तोंड करून असलेली, त्यांना खांद्यावरून येणारे पट्टे आणि बालकासन अडकविण्याचे आयसोफिक्स नावाचे पक्के आकडे, ही त्यामागची कारणे. याउलट २०२० पूर्वीच्या बऱ्याच थार गाड्यांत आणि जुन्या जीपगाड्यांत मागे समोरासमोरची आडवी बाके असतात. अशा बाकावर बालकासन बसविता येत नाही. धक्का पुढून बसतो आणि मूल आडवे बसलेले असते. त्यामुळे त्याचे अंग बाजूला फेकले जाते. जुनी गाडी घेताना रंग आणि टायर पाहण्यापूर्वी मागचे आसन पाहावे ते यासाठी.

मूळ धोका आईच्या मांडीवर आहे, हे सांगणे कठोर वाटेल. आपल्याकडे मांडी ही बाळाची सर्वांत सुरक्षित जागा मानली जाते आणि घरात ती तशी असतेही. चालत्या मोटारीचे गणित वेगळे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झाडावर किंवा उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळून सुमारे अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर १० किलो वजनाच्या बाळाचा पुढे जाण्याचा ओढा त्या क्षणी सुमारे २०० किलो वजनाइतका होतो. धान्याची चार पोती एका हिसक्यात हातात धरून ठेवणे कोणाही मातेला शक्य नाही. तिने स्वतः पट्टा बांधला नसेल, तर तिच्या अंगाचा भारही बाळावरच येतो. शाळेतील मुलांना हेच वेगळ्या रीतीने समजाविता येते: ताशी ५० किलोमीटरची धडक म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या आसपासच्या उंचीवरून, खाली पडणे होय. आठवीचा विद्यार्थी हे उदाहरण स्वतः सोडवू शकतो आणि घरी जाऊन वडिलांना सांगतो. असे सांगणे अनेकदा शासकीय पत्रकापेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमारास बाळाला गाडीच्या दिशेकडे पाठ करून बसविण्याची कल्पना प्रयोगात आणली. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने फार मोठे, शरीराच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते आणि मान कोवळी असते. समोर तोंड करून बसलेल्या बाळाचे डोके धडकेत झटक्याने पुढे जाते व सारा ताण मानेवर येतो. पाठ पुढे असेल तर डोके, मान आणि पाठ यांना आसनाचा एकत्र आधार मिळतो. योग्य बालकासनामुळे तान्ह्या मुलांचे अपघाती मृत्यू निम्म्याहून अधिक प्रमाणात टळू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा मूल निदान सव्वा वर्षाचे होईपर्यंत, आणि आसनात मावत असल्यास त्याहूनही पुढे, पाठमोरे बसवावे. त्यानंतर साधारण चार वर्षांपर्यंत समोर तोंडाचे, स्वतंत्र पट्ट्यांचे आसन वापरावे. पुढे उंची सुमारे १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत आसन उंच करणारी बैठक हवी. मोठ्यांचा पट्टा मुलाच्या गळ्यावर किंवा पोटावर येत असेल, तर ते मूल अद्याप त्या पट्ट्यासाठी लहान आहे असे समजावे. पट्टा खांद्याच्या मध्यावर आणि कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. खरेदी करताना भारतीय मानक एआयएस-०७२ चा उल्लेख आसनावर आहे काय, हे पाहावे.

दोन दारी गाडीत खरी अडचण येथेच येते. पाठमोरे आसन जागा फार खाते. ते बसविण्यासाठी पुढील आसन पुढे सरकवावे लागते आणि पुढे बसणाऱ्या उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. शिवाय बाळाला आसनात ठेवून त्याचे पट्टे आवळावयाचे, तर पुढील आसन वाकवून, कमरेत वाकून, निम्मे अंग आत घालावे लागते. पावसाच्या सरीत किंवा बाजाराच्या दिवशी रहदारीत हे काम कष्टाचे असते. आणि कष्टाचे काम माणूस टाळू लागतो. पहिले आठ दिवस आसन वापरले जाते, नंतर ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून बाळ मांडीवर येते. म्हणून आसन विकत घेण्यापूर्वी ते गाडीत बसवून पाहावे, आणि बाळाला आत-बाहेर करून पाहावे. दुकानदार थोडा त्रासला तरी चालेल.

मोटार रस्त्याच्या डाव्या कडेला, सपाट जागी उभी करून, डावीकडील पुढचे आसन वाकवून मुलांना आत घ्यावे. त्यामुळे धावत्या वाहनांकडे कोणाचीही पाठ राहत नाही. दोन मुले असतील तर उजवीकडील मूल प्रथम बसवावे. वाकविलेले आसन पुन्हा जागेवर ‘खट्ट’ आवाज करून घट्ट बसले की नाही, हे हाताने हलवून पाहणे अत्यंत महत्त्वाचे आहे. न अडकलेले आसन धक्क्याबरोबर हलते आणि त्यावरील प्रौढ माणूस व मागचे मूल दोघेही संकटात येतात. एक गोष्ट मात्र दोन दारी गाडीच्या बाजूची आहे: मागे बसलेल्या खट्याळ मुलाला चालत्या गाडीचे दार उघडता येत नाही. परंतु गाडी उलटली, ओढ्याच्या पाण्यात गेली किंवा तिने पेट घेतला, तर तीच सोय अडचण होते. अशा वेळी मुलाला बाहेर कोण व कोणत्या बाजूने काढणार, हे घरात आधी बोलून ठेवावे.

मागची जागा अवघड वाटली की मूल पुढे घेण्याचा मोह होतो. ज्या गाडीत पुढील प्रवाशासाठी हवेची पिशवी आहे, तेथे पाठमोरे बालकासन पुढे कदापि ठेवू नये. धडकेच्या वेळी पिशवी ज्या जोराने फुगते, तो मार थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो. देशात सर्व नव्या मोटारींना पुढील दोन्ही पिशव्या २०२१ अखेरपासून सक्तीच्या झाल्या आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.

मागच्या आसनापाठी सामानाला जागा थोडीच असते. तेथे बाजारातून आणलेली तुरीची पिशवी, पाण्याचा कॅन, कधी गॅसची टाकीही मोकळी ठेवली जाते. गाडी अचानक थांबली की या वस्तू थांबत नाहीत. मुलांच्या डोक्यावर येतात. जड सामान खाली ठेवून दोराने बांधावे. राजूर घाटातील वळणांवर मुलांना मळमळते ते बव्हंशी मागे उंच आसनाआड बसून बाहेरचे दिसत नाही म्हणून. घाटापूर्वी हलके खाणे, पुढची काच थोडी खाली घेणे आणि वेग कमी ठेवणे, एवढे पुरते. ओकारी झाली म्हणून आईने चालत्या गाडीत पट्टा सोडून मागे वळणे, हा प्रकार मात्र थांबलाच पाहिजे. गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

उन्हाळ्याचा विषय स्वतंत्रपणे मांडण्यासारखा आहे. मोताळ्याकडील सपाटीवर पारा ४० अंशांच्या पुढे सहज जातो. बंद मोटारीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढते आणि लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापते. दोन दारी गाडीत मागे झोपलेले मूल बाहेरून चटकन दिसत नाही, आणि त्याला स्वतः बाहेर येणे जवळजवळ अशक्य असते. जून २०२३ मध्ये नागपुरात खेळता खेळता उभ्या मोटारीत अडकलेली तीन बालके मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात अशाच रीतीने भावाबहिणीचा अंत झाला. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला गाडीत ठेवणे आणि अंगणातील गाडी कुलूप न लावता सोडणे, या दोन्ही सवयी सारख्याच घातक आहेत. बंद पडलेल्या बेवारस मोटारी गावठाणात उभ्या असतील, तर त्या हटविणे किंवा त्यांची दारे कायमची बंद करणे हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील काम आहे; त्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावयास नको.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार, चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालकासनाशिवाय नेल्यास चालकाला १,००० रुपये दंड होतो. तालुक्यातील बहुसंख्य कुटुंबांचे वाहन अद्याप मोटारसायकल हेच असल्याने दुचाकीचा नियमही सांगितला पाहिजे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि एक वर्षानंतर लागू झालेल्या नियमाप्रमाणे, चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. दुचाकीवर चालकामागे एकाच व्यक्तीला परवानगी आहे. नवरा, बायको आणि पुढे-मध्ये दोन मुले हे दृश्य त्यामुळे कायद्याला धरून नाही, पण रोजचे आहे. याच दृश्याने अस्वस्थ होऊन रतन टाटा यांनी एक लाख रुपयांच्या ‘नॅनो’चा विचार केला आणि १० जानेवारी २००८ रोजी ती दिल्लीत लोकांपुढे ठेवली. ती गाडी फार काळ चालली नाही. प्रश्न मात्र तसाच उरला.

या तुलनेत दोन दारी मोटार बाळगणारे कुटुंब सुदैवीच म्हटले पाहिजे. त्याच्याकडे छप्पर आहे, पट्टे आहेत, बालकासनाची सोय आहे. लाखो रुपयांच्या वाहनावर हजारो रुपयांचे दिवे, भोंगे आणि रुंद टायर चढविणारे पालक काही हजारांच्या बालकासनाला मात्र ‘अनावश्यक’ म्हणतात, हे चित्र पालकसभेत बदलता येण्याजोगे आहे. अंगणवाडी सेविकेने बाळाच्या वजनाची नोंद करताना घरी कोणते वाहन आहे आणि बाळ त्यात कोठे बसते, एवढे दोन प्रश्न विचारले तरी चर्चेला सुरुवात होईल. शाळेच्या फाटकापाशी सकाळी पंधरा मिनिटे उभे राहिल्यास किती मुले पुढच्या आसनावर उभी राहून येतात, हे शिक्षकांना मोजता येईल, आणि तोच आकडा पुढील सभेत पालकांपुढे ठेवता येईल.

बालकासनाचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी गावात एक उपाय होऊ शकतो. मूल वाढते, आसन तसेच राहते. मोठ्या मुलाचे आसन नात्यातील किंवा शेजारच्या धाकट्याला देता येते, जसे पाळणे आणि झबली आजवर देत आलो. मात्र ते आसन एखाद्या अपघातातून गेलेले नसावे आणि त्याचे पट्टे विरलेले नसावेत. तसे असल्यास ते पुन्हा वापरात आणू नये.