'इक्वॅनिमिटी' : एका शब्दाचा अर्थ व उगम

इंग्रजी शब्दांचे अर्थ नुसते घोकून घेतल्यास ते लवकरच विस्मृतीत जातात. शब्दाची फोड करून दाखविल्यास मात्र त्याचे सगेसोयरेही विद्यार्थ्यांच्या ओळखीचे होतात. 'इक्वॅनिमिटी' हा शब्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सुखदुःखाच्या प्रसंगी न ढळणारी मनाची समतोल अवस्था, म्हणजेच समचित्तता, असा त्याचा अर्थ होय.

हा शब्द मूळचा लॅटिन. 'ऐक्वुस' म्हणजे सम वा सपाट आणि 'आनिमुस' म्हणजे मन. सतराव्या शतकात तो इंग्रजीत रूढ झाला. पहिल्या पदापासून ईक्वल (समान), इक्वेशन (समीकरण) व इक्वेटर (विषुववृत्त) हे शब्द आले. दुसऱ्यापासून युनॅनिमस (एकमताचा) व मॅग्नॅनिमस (थोर मनाचा) हे. 'आनिमुस'चे नाते श्वास घेणे या अर्थाच्या 'अन्' या संस्कृत धातूशी आहे. आपला 'प्राण' शब्दही त्याच धातूपासून झालेला आहे.

रोमन सम्राट अँटोनायनस पायस याने इ. स. १६१ मध्ये मृत्युसमयी पहाऱ्यावरील अधिकाऱ्यास हाच परवलीचा शब्द दिला, असे त्याच्या प्राचीन चरित्रात नमूद आहे. डॉ. विल्यम ऑस्लर यांनी १ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नवोदित वैद्यांपुढे दिलेल्या भाषणाचे शीर्षकही तेच होते. बाह्यतः विचलित न होणे हा एक गुण व अंतर्यामी समतोल असणे हा दुसरा, असा भेद त्यांनी केला.

शिक्षकाच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. तीनदा समजावूनही बेरजेतील हातचा विसरणाऱ्या मुलावर शिक्षक संतापला, तर ते मूल हातचा शिकत नाही. चूक लपविण्यास मात्र शिकते. उलट, वरून शांत राहून त्या मुलाचा नाद सोडून देणे ही समचित्तता नव्हे, ती उदासीनता होय. पूर्वी या शब्दास 'निःपक्षपात' असाही अर्थ होता. इंग्रजीत तो आज लोपला असला, तरी वर्गात तो जिवंत राहिला पाहिजे. हुशार मुलाच्या उत्तरास मिळणारे लक्ष मंदगती मुलाच्या चुकीसही मिळावे, यातच या शब्दाचे दोन्ही अर्थ सार्थ होतात.

वरच्या वर्गांत शिक्षकांनी 'ईक्वल' हा शब्द फळ्यावर लिहून त्याचे आप्त शब्द विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्यावेत.